बलाच्या बाणापुढे देणाऱ्याचं नाव लिही

प्रश्न : मॅडम, मी सोलापुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, घरी आम्ही तेलुगू बोलतो. वडील पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवतात, आई घरी विड्या वळते. बारावीला फिजिक्सला चांगले मार्क होते. पण इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या टेस्टमध्ये ३० पैकी ७ मिळाले. सोडवलेलं उदाहरण वाचलं की सगळं कळतं, पेपरात आकृती जरा बदलली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. स्टॅटिक्स असं अर्धवट असतानाच वर्गात डायनॅमिक्स सुरू झालंय. मैत्रिणी म्हणतात, नेहमी येणारे प्रश्न पाठ कर, पास होशील. क्लासची चौकशी केली, फी आम्हाला झेपणारी नाही. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर घरी काय सांगू? शाखा बदलावी का?

उत्तर : शाखा बदलू नकोस. एका टेस्टच्या सात मार्कांवरून तर मुळीच नाही. मेकॅनिक्समध्ये अडखळलेल्या आणि पुढे उत्तम मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्या मुली मी शिकवल्या आहेत. तुझ्या पत्रात मला कुठेही 'हिला हे जमणार नाही' असं दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की तू सराव करतेस तो चुकीच्या जागी.

'सोडवलेलं उदाहरण वाचलं की सगळं कळतं' हे तुझं वाक्य बघ. सोडवलेल्या उदाहरणात सगळ्यात अवघड काम लेखकाने आधीच उरकलेलं असतं. कुठली वस्तू वेगळी काढायची, तिच्यावर कोणती बलं दाखवायची, मोमेंट (बलाचा फिरवण्याचा जोर, म्हणजे बल गुणिले बिंदूपासूनचं लंब अंतर) कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा, हे निर्णय त्याने घेतलेले असतात. तू वाचतेस ते त्याच्या पुढचं, म्हणजे साइन, कॉस, बेरीज, वजाबाकी. ते तुला बारावीपासून येतं, म्हणून सगळं कळल्यासारखं वाटतं. पेपरात मात्र तेच निर्णय तुला घ्यायचे असतात, आणि त्यांचा सराव तुझ्याकडून झालेलाच नाही. पाठांतराचा उपयोग नाही तो याचमुळे. तू पाठ करशील ती आकडेमोड, आणि अडतंय ते त्याच्या आधी.

म्हणून इथून पुढे एकच गोष्ट धरून चाल. फ्री बॉडी डायग्रॅम, ज्याला तुम्ही एफबीडी म्हणता, ती उत्तरपत्रिकेतली सजावट नव्हे. गणित तिथेच सुटतं. वस्तू तिच्या आजूबाजूच्या सगळ्यातून सोडवून मोकळी काढायची, आणि ज्यांनी ज्यांनी तिला हात लावला होता त्या प्रत्येकाच्या जागी एक बाण काढायचा. लग्नातल्या आहेराच्या वहीत प्रत्येक रकमेपुढे देणाऱ्याचं नाव असतं ना, तसं प्रत्येक बाणापुढे ते बल कोण देतंय त्याचं नाव लिही. रस्ता, दोरी, पिन, पृथ्वी. नाव लिहिता आलं नाही तर तो बाण खोडून टाक, ते बल अस्तित्वातच नाही.

बलं राहून जाऊ नयेत यासाठी वस्तूच्या कडेवरून पेन्सिलीचं टोक एकदा सगळीकडून फिरव. जिथे दुसरं काही टेकलंय तिथे थांब आणि बाण काढ. न टेकता बल लावणारी या विषयात एकटी पृथ्वी, तिचा बाण गुरुत्वमध्यातून खाली.

आता हे एका खऱ्या गोष्टीवर करून बघू. उसाचा हंगाम असेल तेव्हा होटगी रोडला किंवा मोहोळकडे जाताना ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर तू पाहतेसच. गच्च भरलेली ट्रॉली जागेवरून ओढताना ट्रॅक्टरचं नाक उचललं जातं. का?

आकडे सोपे घेते. ट्रॅक्टरचं वजन २० किलोन्यूटन, पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर २ मीटर, गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ०.८ मीटर पुढे. नुसता उभा असेल तर मागचं चाक जिथे टेकतं त्या बिंदूभोवती मोमेंट घे. रस्ता चाकांना वर देतो तो आधार म्हणजे त्यांची रिअ‍ॅक्शन. पुढच्या चाकांवरची रिअ‍ॅक्शन गुणिले २ बरोबर २० गुणिले ०.८, म्हणजे रिअ‍ॅक्शन ८ किलोन्यूटन. उरलेले १२ मागे.

आता ट्रॉली जोड आणि ट्रॅक्टर एकसारख्या वेगाने चालू दे. पेन्सिल फिरव. पृथ्वी खाली ओढते. रस्ता पुढच्या चाकांना वर उचलतो, मागच्यांनाही वर उचलतो. ट्रॉली हुकाला मागे खेचते, समज १० किलोन्यूटनने. मग ट्रॅक्टरला पुढे कोण ढकलतंय? इथे वर्गातली निम्मी मुलं 'इंजिन' म्हणतात आणि ट्रॅक्टरच्या आतून पुढे एक बाण काढतात. पण इंजिन ट्रॅक्टरच्याच पोटात आहे, आणि आतली बलं आपापसात मिटतात. चाक रस्त्याला मागे ढकलतं, रस्ता चाकाला पुढे ढकलतो. ट्रॅक्टरला पुढे नेणारं बल म्हणजे रस्त्याचं घर्षण, आणि त्याचा बाण पुढच्या दिशेला आहे. 'घर्षण नेहमी गतीच्या उलट' हे शाळेतलं वाक्य इथे उपयोगाचं नाही. घर्षण टेकलेल्या पृष्ठभागांचं एकमेकांवरचं घसरणं रोखतं, एवढंच लक्षात ठेव. (चाक लोळताना होणारा थोडा विरोध आपण सोडून देऊ.)

वेग बदलत नाही, म्हणजे त्वरण शून्य. म्हणजे ट्रॅक्टर धावतोय तरी समीकरणं स्टॅटिक्सचीच. हलतंय ते डायनॅमिक्स आणि थांबलंय ते स्टॅटिक्स, अशी विभागणी तुझ्या मनात असेल तर काढून टाक. सीमारेषा त्वरणाची आहे.

मोमेंट पुन्हा मागच्या चाकाच्या टेकण्याच्या बिंदूभोवती घे. त्या चाकावरची रस्त्याची दोन्ही बलं त्या बिंदूतूनच जातात, ती समीकरणात येतच नाहीत. बिंदू असा निवडायचा असतो, नको असलेली अज्ञातं गाळणारा. हुक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर पुढची रिअ‍ॅक्शन गुणिले २ अधिक १० गुणिले ०.५ बरोबर १६. उत्तर ५.५ किलोन्यूटन. आठाचे साडेपाच झाले. आता हुक एक मीटर उंचीवर ने, ३ उरतात. त्याच उंचीवर ओढ १६ किलोन्यूटन झाली की शून्य, म्हणजे पुढची चाकं हवेत, आणि स्टिअरिंग तर त्याच चाकांवर. हुक खाली का असतो, ट्रॅक्टरच्या नाकावर लोखंडी वजनं का लावतात, हे तुला एका समीकरणातून कळलं. एकाच आसाची ट्रॉली हुकावर वरून दाबही देते. समज ८ किलोन्यूटन, मागच्या आसाच्या ०.६ मीटर मागे. हुक पुन्हा अर्ध्या मीटरवर आणि ओढ पुन्हा १० किलोन्यूटन धर, आणि पुढच्या चाकांची रिअ‍ॅक्शन स्वतः काढ. ३.१ आली पाहिजे.

आता डायनॅमिक्स. हा दाब बाजूला ठेव, हुक अर्ध्या मीटरवरच असू दे, आणि ट्रॅक्टर वेग वाढवतोय असं धर. त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद वर्ग. चित्र बदललं का? नाही. ट्रॅक्टरला टेकलेले तेच सगळे, बाण तेच. बदललं ते समीकरणाची उजवी बाजू. तिथे शून्य होतं, आता वस्तुमान गुणिले त्वरण. गुरुत्वीय त्वरण १० धरलं तर वस्तुमान २००० किलो, गुणाकार १००० न्यूटन. गुरुत्वमध्य ०.८ मीटर उंचीवर असेल तर उजवीकडे मोमेंटच्या खात्यात ०.८ किलोन्यूटन-मीटर. शिवाय ट्रॉल्यांनाही वेग द्यायचाय. उसासकट त्यांचं वस्तुमान १०,००० किलो धरलं तर हुकावरची ओढ आणखी ५ किलोन्यूटनने वाढून १५ होते. मग १६ वजा ७.५ वजा ०.८, भागिले २. पुढच्या चाकांवर ३.८५ किलोन्यूटन. एकसारख्या वेगात साडेपाच होते. ट्रॅक्टर नाक उचलतो तो जागेवरून निघताना, चालता चालता नाही, त्याचं कारण एवढंच.

म्हणून म्हणते, स्टॅटिक्स अर्धवट राहिलं म्हणून डायनॅमिक्स हातचं गेलं असं समजू नकोस. चित्र काढायला शिकलीस तर दोन्ही एकदमच भरून निघेल.

डायनॅमिक्समध्ये कागदावर शेजारी शेजारी दोन चित्रं काढ. डावीकडे बलांचं. उजवीकडे त्याच वस्तूचं, पण त्यावर फक्त वस्तुमान गुणिले त्वरणाचा बाण, आणि वस्तू फिरतही असेल तर त्याच्या जोडीला जडत्व-आघूर्ण (फिरण्याच्या बाबतीत वस्तुमानाची जागा घेणारी राशी) गुणिले कोनीय त्वरण. दोन्हींच्या मध्ये बरोबरचं चिन्ह. तुमच्या वर्गात द'अलंबेर या फ्रेंच गणितज्ञाची रीतही शिकवतील. १७४३ च्या त्याच्या ग्रंथातून आलेल्या त्या विचारात वस्तुमान गुणिले त्वरण उलट चिन्हाने डावीकडे आणतात आणि सगळं पुन्हा शून्याला समान करतात. रीत बरोबर आहे, पुढे यंत्रांच्या विषयात फार कामाला येते. पण तुझा पाया पक्का होईपर्यंत तो बाण तुटक रेषेनेच काढ, कारण त्याला देणारा कोणी नाही. खऱ्या बलांत तो मिसळला की मुलं तो एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, असा दोनदा मोजतात. पेपर तपासताना हे मी सतत पाहिलंय.

देणाऱ्याचं नाव विचारण्याची सवय कुठे वाचवते ते सांगते. तुझ्या वडिलांच्या मागावरचा धोटा घे, आडवा धागा घेऊन इकडून तिकडे जाणारा. काठीचा ठोका बसतो आणि धोटा ताण्याच्या धाग्यांमधून पलीकडे जातो. तो मध्यावर असताना त्याची एफबीडी काढ. पुढच्या दिशेला कोणतं बल? हात शिवशिवतो बाण काढायला, कारण धोटा तर वेगाने पुढे चाललाय. पण काठी मागे राहिली, आता पुढे ढकलणारं कोण? कोणीच नाही. वजन आहे, खालून आधार आहे, आणि थोडं घर्षण आहे ते मागच्या दिशेला. वेग आहे म्हणजे त्या दिशेला बल आहे, ही समजूत न्यूटनने १६८७ साली नियम छापले तरी माणसाच्या मनातून जात नाही. ती घालवायचा दुसरा उपाय मला माहीत नाही, प्रत्येक बाणाला नाव विचारायचं.

याच धोट्यावर डायनॅमिक्सच्या तिन्ही पद्धती शिकून घे, म्हणजे 'कुठली वापरू' हा प्रश्न सुटेल. धोटा ४०० ग्रॅमचा, वेग सेकंदाला १२ मीटर, आणि काठी त्याला २० सेंटिमीटर ढकलते असं धर. अंतर दिलंय, वेग दिलाय, वेळ दिलेली नाही, तर कार्य-ऊर्जा. गतिज ऊर्जा २८.८ ज्यूल, भागिले ०.२ मीटर, सरासरी बल १४४ न्यूटन. अंतराऐवजी वेळ दिली असती तर आवेग-संवेग. संवेग ४.८ न्यूटन-सेकंद, भागिले १४४, म्हणजे ठोक्याला सेकंदाचा तिसावा भाग लागला. आणि एखाद्या क्षणाचं त्वरण किंवा रिअ‍ॅक्शन विचारली असेल तर सरळ न्यूटनचा दुसरा नियम. पलीकडच्या पेटीत तो १० सेंटिमीटरमध्ये थांबत असेल तर तिथलं बल तू काढ. मग संध्याकाळी वडिलांना विचार, धोट्याचा कुठला भाग आधी झिजतो आणि ठोका कमी-जास्त कसा करतात. त्यांच्याकडून जे कळेल ते तुझ्या कुठल्याच पुस्तकात नाही.

वर्तुळाकार गतीतही हेच. साखर कारखान्यात मळीपासून साखर वेगळी करणारं सेंट्रिफ्युगल मशिन असतं. जाळीचं पिंप, समज त्रिज्या ६० सेंटिमीटर, मिनिटाला १००० फेरे. कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या केलंस तर त्वरण सुमारे ६,६०० मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, गुरुत्वाच्या साधारण ६७० पट, आणि ते केंद्राकडे आहे. साखरेच्या एका कणाची एफबीडी काढ. जाळी त्याला आत ढकलते. बाहेर फेकणारं बल कोण देतं? कोणीच नाही. मळीला मात्र भोकातून वाट मिळते, तिला आत ढकलणारं कोणी उरत नाही, म्हणून ती निघून जाते.

स्टॅटिक्समधल्या दोन जागा तेवढ्या दुरुस्त करून घे, तिथे मार्क सगळ्यात जास्त जातात. पहिली आधारांची. पिनला दोन रिअ‍ॅक्शन, रोलरला एक, फिक्स्डला तीन, हे पाठ करू नकोस. तो आधार काय रोखतो ते विचार. जे रोखतो तेवढीच बलं तो देतो. पिन वस्तूला आडवं किंवा उभं सरकू देत नाही, म्हणून दोन बलं. फिरायला मात्र मोकळीक देते, म्हणून मोमेंट नाही. रोलर आडवं सरकू देतो, म्हणून एकच बल. ही सूट मुद्दाम दिलेली असते. पुलाचा ३० मीटरचा लोखंडी गर्डर जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ३० अंशांनी तापला तर सुमारे ११ मिलिमीटर वाढतो. सोलापूरचं ऊन तुला सांगायला नको. दोन्ही टोकं पक्की केली तर ती वाढ जाणार कुठे?

दुसरी जागा घर्षणाची. म्यू (घर्षण गुणांक) गुणिले नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेली, रिअ‍ॅक्शन ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे, घर्षणाचं मूल्य नव्हे. १० किलोची पेटी, स्थितिक म्यू ०.४. कमाल घर्षण सुमारे ३९ न्यूटन. तू २० न्यूटनने ढकललंस तर घर्षण किती? २०. ३९ लिहिलंस तर पेटी तुझ्याच अंगावर चालून येईल. वस्तू घसरण्याच्या बेतात आहे असं प्रश्नात सांगितलं असेल तेव्हाच बरोबरचं चिन्ह वापर. नाहीतर आधी घर्षण अज्ञात म्हणून काढ आणि ते मर्यादेत बसतं का ते बघ.

आता सराव कसा करायचा. पुढचे पंधरा दिवस गणित सोडवूच नकोस. वर्गात शिकवलेल्या भागातले प्रश्न घे, उत्तर कागदाने झाक, आणि कोऱ्या कागदावर फक्त एफबीडी काढ. रोज सहा-सात. बाणांपुढे नावं लिही, मराठीत लिही, तेलुगूत लिही, चालेल. चित्र अर्ध्या पानाचं काढ, कोन ठळक दाखव, अंतरं लिही. मग पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघ. कुठला बाण राहिला, कुठला जास्तीचा आला, त्याची वहीच्या मागे नोंद ठेव. थोड्याच दिवसांत दिसेल की त्याच त्या दोन-तीन चुका पुन्हा पुन्हा होतायत. त्यानंतर रोज दोन गणितं शेवटपर्यंत सोडव. उत्तर आलं की एकदा टोकाला नेऊन तपास. उताराचा कोन शून्य केला तर उत्तर सपाट जमिनीचं येतं का? येत नसेल तर साइन-कॉसची अदलाबदल झालीय.

प्रश्न इंग्रजीत असतो म्हणून घाबरू नकोस. दोनदा वाच. स्मूथ म्हटलं असेल तर तिथे घर्षणाचा बाण नाही. लाइट म्हटलं असेल तर त्या दांड्याला वजनाचा बाण नाही. असे नेहमीचे शब्द फार थोडे आहेत, आठवड्यात ओळखीचे होतील.

घरी आजच सांग, केटी लागण्याची वाट बघू नकोस. 'एका विषयात मागे पडलेय, काय चुकतंय ते कळलंय, त्यावर काम करतेय', एवढं पुरे. वडील दिवसभर मागापुढे उभे राहून आणि आई विड्या वळून तुला शिकवतायत. त्यांना निकालाच्या दिवशी एकदम कळण्यापेक्षा हे आधी कळलेलं बरं, आणि तुझ्या डोक्यावरचं लपवण्याचं ओझंही उतरेल.

क्लासला पैसे भरू नकोस. क्लासमध्ये फळ्यावरचं चित्र पुन्हा दुसरंच कोणीतरी काढणार. त्याऐवजी तुझ्या चित्रांचे कागद घेऊन कॉलेजातल्या तुझ्या शिक्षकांकडे जा. 'मला मेकॅनिक्स समजत नाही' असं सांगितलंस तर त्यांनाही सुरुवात कुठून करावी ते कळणार नाही. कागद पुढे ठेव आणि विचार, 'या पिनवरचा हा बाण बरोबर आहे का?' अशा प्रश्नाला उत्तर द्यायला कुठलाही शिक्षक पाच मिनिटं काढतो. आणि पंधरा दिवसांनी त्यातली चार चित्रं मलाही पाठव. उत्तरं नकोत, फक्त चित्रं, बाणांपुढच्या नावांसकट.